भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाईप फुटला, खालच्या घराचं सीलिंग पडलं – पैसे नक्की कोणी भरायचे?

आबोली
नमस्कार मंडळी. पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो आम्ही, मी आणि नवरा, दोघेही पणजीत नोकरीला. गेल्या आठवड्यात दुपारी वॉचमनचा फोन आला की तुमच्या दाराखालून पाणी जिन्यावर येतंय. धावत घरी आले तर हॉलभर पाणी, किचनच्या सिंकखाली तो स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाईप असतो ना तो मधोमध फुटलेला. वॉचमनने गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणून तेवढ्यावर निभावलं. किचनची खालची कपाटं फुगलीत, बेडरूममध्ये मालकांनी बसवलेलं लाकडी फ्लोरिंग उचललं गेलंय आणि खालच्या घरातल्या हॉलचं पीओपीचं सीलिंग एका बाजूने खाली आलं. त्यांची लहान मुलगी त्याच खोलीत खेळते, नेमकी त्या वेळी ती शाळेत होती, नाहीतर काय झालं असतं या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

आता घरमालक (ते दुबईला असतात, इकडचं सगळं त्यांचा भाचा बघतो) म्हणतात घर तुमच्या ताब्यात असताना झालं तेव्हा सगळं तुम्ही भरायचं. कपाटं ४५,०००, फ्लोरिंग ३८,०००, पूर्ण घराचा रंग २२,०००, खालच्यांचं सीलिंग ३०,०००, म्हणजे १,३५,०००. डिपॉझिटचे ६०,००० ठेवून घेतो आणि उरलेले ७५,००० महिनाअखेर द्या असा मेसेज आलाय. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे, त्यात एवढीच ओळ की ‘भाडेकरूकडून झालेल्या नुकसानीची भरपाई भाडेकरू करेल’. पाईप आम्ही बसवलेला नाही, आम्ही राहायला आलो तेव्हापासून तोच आहे. आम्हाला अंग काढून घ्यायचं नाही, जे आमच्याकडे लागतं ते देऊ, पण लागतं किती ते कळायला हवं. गोव्यातल्या कोणाला असा प्रसंग आलाय का?

खांडेपार
ताई पैशांचं नंतर, आधी सांगा मेन स्विच बंद केलेला का? खालच्या घरात सीलिंगमध्ये लाईटच्या वायरी असतात, ओल्या सीलिंगखाली स्विच चालू करू देऊ नका त्यांना. इलेक्ट्रिशियन येऊन बघेपर्यंत त्या खोलीची लाईन बंदच ठेवा. आणि सगळे फोटो व्हिडिओ काढून ठेवा, पाणी पुसायच्या आधीचे असतील तर उत्तम.

आबोली
हो, वॉचमनने बंद केलेला, आता इलेक्ट्रिशियनने बघून एक लाईन सोडून बाकी चालू केल्यात. पाण्याचे व्हिडिओ आहेत.

म्हापसेकर_काका
माझे दोन फ्लॅट भाड्याने आहेत म्हणून मालकाच्या बाजूने बोलतो, राग मानू नये. आम्ही घर देतो तेव्हा सगळं चालू स्थितीत देतो. नंतर आत रोज काय चाललंय हे आम्हाला कसं कळणार? सिंकखाली कोण बघतो, जो राहतो तोच. पाईपला थेंब सुटायला लागले, गंज दिसला, तर राहणाऱ्यालाच आधी दिसणार. बाहेर जाताना मेन कॉक बंद करणं काय कठीण आहे? मागे माझ्याकडे एक कुटुंब होतं, चवथीला गावी सावंतवाडीला गेले, जायच्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हतं, बाथरूमचा नळ उघडाच ठेवून गेले, खाली बादली. पाणी रात्री आलं. नहाणीच्या जाळीवर कपडा पडलेला म्हणून पाणी बाहेरच्या खोलीत. परत आले तेव्हा दारांच्या चौकटी कुजायला लागल्या होत्या. त्यांनी भरपाई दिली, आणि द्यायलाच हवी होती. इथेही तसंच आहे असं मला वाटतं.

सातेरी
काका उघडा नळ आणि फुटलेला पाईप सारखा कसा? नळ माणूस उघडतो. पाईप आपोआप फुटला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ मोठी पाईपलाईन फुटून पणजी-फोंड्याचं पाणी बरेच दिवस बंद होतं ते आठवतंय का? आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी परत आलं त्या रात्री दोन घरांत असंच झालं, लोक ‘आलं का बघू’ म्हणून नळ फिरवून बघायचे आणि बंद करायला विसरायचे. त्यात भाडेकरू कोण मालक कोण हा प्रश्नच आला नाही, ज्याने नळ उघडा टाकला त्याने दिले.

वकील_डिचोली
थोडं सविस्तर लिहितो कारण दोन्ही बाजूंचे गैरसमज दिसतायत.

पहिली गोष्ट, ‘ताब्यात होतं म्हणून तुझी जबाबदारी’ असा सरसकट नियम कायद्यात नाही. भाडेपट्ट्याला ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट १८८२ लागतो, गोव्यालाही तोच. त्याच्या कलम १०८ मध्ये दोघांची कर्तव्यं दिली आहेत, पण त्याची सुरुवातच अशी आहे की करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणजे आधी अ‍ॅग्रीमेंट बघायचं, ते जिथे गप्प आहे तिथे कलम १०८. त्यातलं पोटकलम एम म्हणतं की भाडेकरूने जागा जशी मिळाली तशा स्थितीत ठेवायची आणि तशी परत करायची, मात्र वाजवी झीज आणि न आवरणारी शक्ती यामुळे झालेले बदल सोडून. आणि बिघाड भाडेकरूच्या किंवा त्याच्या नोकरमाणसांच्या कृतीमुळे वा कसुरीमुळे झाला असेल तर मालकाने नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत तो दुरुस्त करून द्यायचा. पोटकलम ओ म्हणतं की सामान्य समजूतदार माणूस स्वतःची वस्तू जशी वापरेल तशी जागा वापरायची. काकांच्या त्या चवथीच्या भाडेकरूंना हे दोन्ही लागू होतं, नळ उघडा टाकून आठवडाभर गावी जाणं समजूतदार वापरात बसत नाही.

पण पाईप वयाने फुटला असेल तर ती झीज आहे, कसूर नाही. आणि आबोलीताईंच्या अ‍ॅग्रीमेंटमधली ओळसुद्धा ‘भाडेकरूकडून झालेल्या’ नुकसानीबद्दल आहे, ‘भाडेकरूच्या काळात झालेल्या’ असं नाही. या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाडेकरूची कसूर होती हे, जो पैसे मागतो त्याने दाखवायचं असतं.

खालच्या घराचं वेगळं. त्यांचा तुमच्याशी करार नाही, तेव्हा तिथे फक्त निष्काळजीपणाचा प्रश्न. जुना १९१३ चा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश साम्राज्यातलं शेवटचं अपील कोर्ट) निकाल आहे, रिकार्ड्स विरुद्ध लोथियन, मेलबर्नमधल्या इमारतीचा. वरच्या मजल्यावरच्या बेसिनमध्ये कोणीतरी मुद्दाम बोळा कोंबून नळ सोडून दिला, खालच्या दुकानदाराचा माल भिजला. कोर्टाने सांगितलं की घरात नळाचं पाणी असणं हा जागेचा नेहमीचा वापर आहे, त्यातून पाणी सुटलं एवढ्यावरून जबाबदारी लागत नाही, निष्काळजीपणा दाखवावा लागतो. हे तत्त्व आपल्याकडेही मानतात.

आता मला दोन गोष्टी कळायला हव्यात. फुटलेला पाईप कुठे आहे? आणि याआधी सिंकखालच्या ओलीबद्दल तुम्ही मालकांना किंवा भाच्याला काही कळवलं होतं का? यावरच बरंचसं ठरेल.

आबोली
पाईप माझ्याकडे आहे, पिशवीत ठेवलाय. प्लंबर फेकणार होता, नवऱ्याने ठेवून घेतला. जाळी मधल्या भागात लालसर-काळी झालीय आणि तिथेच उसवलीय, आतला रबर तिथून फाटलाय. दोन्ही टोकांचे नट शाबूत आहेत.

कळवलं होतं. मे महिन्यात मी भाच्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं की सिंकखाली वास येतो आणि पाईपची जाळी गंजलेली दिसते, प्लंबर पाठवा. त्यांनी ‘बघतो’ म्हणून अंगठा पाठवला. मग पाऊस सुरू झाला, घरात सगळीकडेच दमट, मी जूनमध्ये परत विचारलं तर उत्तर नाही.

म्हापसेकर_काका
असं असेल तर माझं म्हणणं बदलतं. कळवून मालक गप्प बसला तर दोष भाडेकरूवर टाकता येणार नाही. मला एखाद्या भाडेकरूने असं लिहिलं तर मी त्याच आठवड्यात माणूस पाठवतो, तीन-चारशे रुपयांचा पाईप आहे तो.

चिरेबंदी
मी सिव्हिलमध्ये, फोंड्याला साईट सुपरवायझर म्हणून सुरुवात केली, आता दुरुस्तीचीच कामं करतो. ताईंनी जे वर्णन केलंय त्यावरून सांगतो.

हे कनेक्शन पाईप म्हणजे आत रबराची नळी आणि वर स्टीलची विणलेली जाळी. सगळा दाब ती जाळी घेते, रबर नुसतं पाणी अडवतं. जाळीचे तार गंजून तुटायला लागले की त्या जागी रबर फुग्यासारखं बाहेर येतं आणि एक दिवस फाटतं. समुद्राजवळची खारी हवा, त्यात सिंकखालचं बंद कपाट, तिथेच फिनेल, अ‍ॅसिडच्या बाटल्या ठेवलेल्या, त्यांच्या वाफेने जाळी लवकर खाल्ली जाते. माझा स्वतःचा नियम पाच वर्षांनी सगळे पाईप बदलायचे, दिसायला चांगले असले तरी. प्लंबरने नट नको तितका आवळला असेल तर नट तडकतो, तेव्हा तडा टोकाला दिसतो. इथे नट शाबूत, फाटलंय मधोमध, जिथे गंज आहे तिथेच. म्हणजे वयाचा पाईप. वापरणाऱ्याने ओढाताण करून असं होत नाही.

दाबाचंही बघा. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली साधारण एक किलोचा दाब वाढतो, त्यामुळे खालच्या मजल्यांवर हे जास्त फुटतात. अर्ध्या इंची लाईन पूर्ण सुटली तर मिनिटाला दहा-बारा लिटर धरा, तासाभरात सहाशे-सातशे लिटर. दुपारी घरात कोणी नसेल तर हॉल भरणारच.

अजून एक, आणि हे तातडीचं. भाचा ‘रंग २२,०००’ म्हणतोय तो आत्ता लावू देऊ नका. स्लॅब आणि भिंती आतून सुकायला आठवडे लागतात, गोव्याच्या पावसात अजूनच. ओल्यावर पुट्टी मारून रंग दिला की दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात, पांढरा खार बाहेर येतो, आणि मग परत म्हणतील भाडेकरूच्या वेळचं. कपाटांचं खालचं पॅनल आणि मागची पट्टी काढून टाका म्हणजे मागे हवा जाईल, पंखे चालू ठेवा, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) भाड्याने मिळाला तर बघा. फ्लोरिंगच्या खाली फोम असतो तो ओलाच राहतो आणि बुरशी धरतो, तो काढावाच लागेल. हॉलमध्ये टाईल्स असतील तर तिथे काही होत नाही, उगाच उकरू नका.

वकील_डिचोली
चिरेबंदींनी लिहिलंय ते एखाद्या लायसन्सवाल्या प्लंबरकडून किंवा इंजिनीअरकडून लेटरहेडवर चार ओळींत लिहून घ्या, पाईपच्या फोटोसकट. पाईप तसाच ठेवा, साफ करू नका. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलायचा असेल तर थांबा, कारण पुढे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते सोपं जातं.

मे महिन्यातला तो मेसेज ही नोटीसच आहे. कलम १०८ च्या पोटकलम एफ प्रमाणे, मालकाने करायची दुरुस्ती नोटीस देऊनही वाजवी वेळात झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो.

सातेरी
म्हणजे उलट मालकच म्हणतील की तुम्हाला अधिकार होता तर तुम्हीच का नाही बदललात?

वकील_डिचोली
चांगला प्रश्न. ‘शकतो’ आहे, ‘केलंच पाहिजे’ नाही. पण काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२ च्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात असं आहे की नुकसान मोजताना, ते टाळायला किंवा सुधारायला काय साधनं हाताशी होती ते लक्षात घ्यायचं. त्यामुळे मालकाचा वकील हा मुद्दा काढेल आणि तो अगदीच फोल नाही. दोनदा लेखी कळवलं होतं, पाईपला तेव्हा गळती नव्हती नुसता गंज होता, आणि पाईप लावणं मालकाचं काम होतं, हे ताईंचं उत्तर. माझ्या मते ताईंची बाजू भक्कम आहे, पण शंभर टक्के म्हणणार नाही.

तिसवाडी९
नवीन टेनन्सी कायद्याप्रमाणे दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि प्लंबिंग मालकाकडे असतं. तो दाखवा त्यांना, गप्प बसतील.

वकील_डिचोली
तो मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट, २०२१ मध्ये केंद्राने मंजूर केलेला नमुना. राज्य स्वतःचा कायदा करत नाही तोवर कोणावर बंधनकारक नाही, तेव्हा ‘कायदा मोडलात’ असं त्यांना लिहू नका, उगाच तुमचं पत्र कमजोर होईल. बोलणीत मापदंड म्हणून मात्र वापरा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी आहे. स्ट्रक्चरल दुरुस्त्या, भिंतींचा रंग, पाईप बदलणं आणि प्लंबिंग, वायरिंग हे मालकाकडे. नळ आणि नळाचे वॉशर, गटार साफ करणं, बेसिन, कमोड, गीझर यांची दुरुस्ती, स्विच-सॉकेट हे भाडेकरूकडे.

म्हापसेकर_काका
मग कनेक्शन पाईप कुठे बसतो? बेसिनची दुरुस्ती म्हटलं तर भाडेकरू, पाईप म्हटलं तर मालक.

चिरेबंदी
काका माझ्या मते सोपं आहे. जो भाग घर देताना बसवलेला होता आणि नळाच्या आतल्या बाजूला, म्हणजे बंद न होणाऱ्या दाबाखाली असतो तो मालकाचा. नळाचा वॉशर गेला तर थेंब पडतात, घर बुडत नाही. वॉशिंग मशीनचा इनलेट पाईप किंवा भाडेकरूने स्वतः लावलेल्या वॉटर फिल्टरची नळी, ती त्याची. माझ्याकडे आलेल्या अशा पाण्याच्या कामांत फिल्टरच्या त्या बारीक पांढऱ्या नळ्या खूप वेळा असतात, कोणीतरी स्वस्तातला कनेक्टर लावतो आणि तो रात्री निसटतो. तिथे भाडेकरूने हात वर करू नयेत.

तळमजला_ताळगाव
मी या धाग्यात दुसऱ्या टोकाकडून लिहितेय. आमच्या वरचा फ्लॅट भाड्याने, बाथरूममधून तीन पावसाळे आमच्या बेडरूममध्ये पाणी झिरपतंय. मालक म्हणतो भाडेकरू पाणी फार सांडतात, भाडेकरू म्हणतात वॉटरप्रूफिंग गेलंय, आणि दोघंही दार लावून घेतात. सासूबाईंना दम्याचा त्रास, खोलीत काळी बुरशी. वर राहणाऱ्यांनी आणि त्यांच्या मालकाने एकमेकांशी भांडावं, पण आधी खालच्या माणसाचं छत नीट करावं. आबोली, तुझ्या खालच्या घरात गेलीस का ग? जाऊन ये. नुकसान कोणी भरायचं ते नंतर ठरेल, पण कोणी विचारपूस केली नाही की माणूस चिडून थेट पोलीस आणि वकील करतो.

आबोली
गेलो होतो दोघंही, त्याच संध्याकाळी. त्यांचं सामान उचलायला मदत केली, पहिल्या दोन रात्री त्यांच्या मुलीला झोपायला आमच्या मैत्रिणीकडची खोली मिळवून दिली. ते चांगले आहेत, म्हणतात मालकांनी आणि तुम्ही काय ते ठरवा, आम्हाला चवथीच्या आधी सीलिंग हवं. तुमच्या सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं.

चिरेबंदी
तळमजलाताई, तुमच्या बाथरूमचा प्रश्न तपासता येतो. वरच्या बाथरूमची नहाणी बंद करून तळाला रंग मिसळलेलं पाणी चोवीस तास साठवून ठेवायचं. खाली रंगीत उतरलं तर वॉटरप्रूफिंग किंवा नहाणी ट्रॅपचा सांधा. रंग उतरला नाही आणि ओल मात्र सतत, कोणी आंघोळ करो न करो, तर भिंतीतली दाबाची लाईन. दोन्हीत मालकाचं काम. बाथरूममध्ये पाणी सांडतच असतं, त्यासाठीच ते बांधलेलं असतं, भाडेकरू पाणी फार वापरतो हे कारण मी मानत नाही.

वकील_डिचोली
आणि तुम्ही नोटीस काढताना वरच्या मालकाला आणि भाडेकरूला दोघांनाही काढा, सोसायटीला प्रत द्या. टेस्ट करायला आत घेत नाहीत हेही लिहा.

पॉलिसीवाली_मडगाव
मी विमा क्षेत्रात आहे. घरमालकाचं गृहकर्ज असेल तर बँकेने बहुतेक वेळा घराचा विमा काढायला लावलेला असतो आणि लोक तो विसरलेले असतात. एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, त्यात पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटून किंवा भरून वाहून होणारं नुकसान धरलेलं आहे. तेव्हा भाच्याला सांगा, फुगलेली कपाटं काढून फेकायच्या आधी पॉलिसी शोधा आणि कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेअर बघायला येईपर्यंत वस्तू जागेवर हव्यात. खालच्यांनीही आपली पॉलिसी तपासावी, कारण त्यांच्या छताचा क्लेम त्यांच्या पॉलिसीवर होतो, वरच्याच्या नाही.

भाडेकरूंसाठी: याच पॉलिसीत नुसत्या घरातल्या सामानाचा विमा घेता येतो, भिंती तुमच्या नसल्या तरी. हप्ता फार नसतो. मात्र दुसऱ्याच्या घराचं नुकसान आपल्याकडून झालं तर ते भरायला वेगळं कव्हर लागतं, घेताना ते स्पष्ट विचारा. आणि कंपनीने एखाद्याला पैसे दिल्यावर ज्याची चूक असेल त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो, म्हणून कारणाचे कागद इथेही लागतात.

जमाखर्च
आकड्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. समजा ताईंची चूक निघाली असती, तरी १,३५,००० होत नाहीत. जुन्या कपाटाच्या बदल्यात नवीन कपाटाची किंमत मागता येत नाही, जे गेलं त्याची त्या दिवशीची किंमत. कपाटं किती जुनी?

आबोली
भाचा म्हणाला आठ वर्षं. फ्लोरिंगही तेव्हाचंच. रंग चार वर्षांपूर्वी, आम्ही येण्याआधी दिलेला.

जमाखर्च
इन्कम टॅक्समध्ये फर्निचरला दरवर्षी उरलेल्या किमतीवर १० टक्के घसारा धरतात. नुकसानभरपाईला तो नियम लागू नाही, पण दोघांना मान्य होईल असा तटस्थ आकडा म्हणून बरा पडतो. ४५,००० च्या कपाटाचे आठ वर्षांनी राहतात १९,४०० च्या आसपास. फ्लोरिंगचे ३८,००० चे १६,४०० च्या आसपास. त्यातही सगळी कपाटं गेली नसतील, वरची शाबूत असतील. रंगाचं तर चार वर्षांनी तसाही द्यावाच लागतो, भिजलेल्या भिंतींचा खालचा भाग सोडून पूर्ण घराचा रंग मागणं मला पटत नाही. म्हणजे चूक धरली तरी घरातलं नुकसान चाळीस हजारांच्या आत येतं आणि चूक नसेल तर शून्य. या दोन आकड्यांमध्ये बोलणी करा.

वकील_डिचोली
बरोबर. कलम ७३ मध्ये प्रत्यक्ष आणि ओघाने होणारं नुकसानच मिळतं, दूरचं मिळत नाही. अ‍ॅग्रीमेंटमध्ये एखादी ठोक दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या मर्यादेत वाजवी तेवढीच देतं.

भाडं थांबवू नका हे मुद्दाम सांगतो. डिपॉझिटवरून वाद झाला की लोक रागाने भाडं बंद करतात आणि मग चांगली केस बिघडते. भाडं वेळेवर बँकेतून द्या. डिपॉझिट अडवलंच तर लेखी नोटीस, आणि दाव्याच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत बसता येतं, दावा दाखल नसला तरी. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, हे फार जणींना माहीत नसतं.

आबोली
सगळ्यांचे खूप आभार, देव बरे करू. काल रविवारी भाच्याबरोबर बसलो, दुबईचे मालक व्हिडिओ कॉलवर होते. प्लंबरचं पत्र आणि मेमधला मेसेज दाखवला. मालकांना त्या मेसेजबद्दल भाच्याने सांगितलंच नव्हतं, ते ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बँकेची पॉलिसी निघाली, कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. ठरलं असं की कपाटं, फ्लोरिंग आणि रंग मालक बघतील, आमचं डिपॉझिट पूर्ण राहील. खालच्यांच्या सीलिंगचे ३०,००० मालक २२,००० देतील आणि ८,००० आम्ही. आमच्यावर लागत नसतील कदाचित, पण चवथीच्या आधी त्यांचं घर नीट व्हावं म्हणून आम्ही कबूल केलं. भाचा म्हणतोय फोनवर ठरलं तेवढं पुरे. कागद करावा का आणि त्यात काय लिहावं?

म्हापसेकर_काका
कागद कराच. माणसं चांगली असली तरी पुढच्या वर्षी भाचा वेगळा असेल. आणि अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करताना एक कलम घाला, मी माझ्या दोन्ही घरांच्या करारात आता घालणार आहे: घर देताना बसवलेले सगळे कनेक्शन पाईप आणि कॉक मालकाने स्वखर्चाने बदलायचे, भाडेकरूला बिघाड दिसला तर लेखी कळवायचं, कळवल्यापासून दहा दिवसांत काम झालं नाही तर भाडेकरूने करून बिलासह भाड्यातून वजा करायचं, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर जाताना भाडेकरूने मेन कॉक बंद करायचा.

वकील_डिचोली
काकांचं कलम छान आहे, कोणाचीही बाजू न घेणारं.

ताई, मालकांबरोबरच्या कागदात असं लिहा: अमुक तारखेला किचनमधला मालकाने बसवलेला पाईप गंजून फुटल्यामुळे पाणी सुटलं, त्याबद्दल फ्लॅटमधल्या कोणत्याही नुकसानीसाठी भाडेकरूकडे मालकाची आज वा पुढे काही मागणी नाही, डिपॉझिट ६०,००० पूर्ण जमा आहे. भाच्याने सही करायची असेल तर मालकाचं अधिकारपत्र किंवा निदान त्यांच्या स्वतःच्या ईमेलवरून ‘मान्य’ असं उत्तर घ्या, नुसती भाच्याची सही पुरेशी नाही.

आणि खालच्यांचा कागद वेगळा करा. मालकांशी तुम्ही काहीही ठरवलंत तरी खालचे त्यात पक्षकार नाहीत, ते उद्या तुमच्याकडे परत मागू शकतात. त्यांच्याकडून पावती घ्या की सीलिंगच्या दुरुस्तीपोटी ३०,००० मिळाले, पैकी २२,००० मालकाकडून, ८,००० भाडेकरूकडून सद्भावनेने, चूक मान्य न करता, आणि या घटनेबद्दल दोघांकडेही आता काही येणं नाही. तुमचे ८,००० बँकेतून द्या. त्यांनी स्वतःच्या विम्याचा क्लेम टाकला असेल तर सही करायच्या आधी तसं विचारून घ्या, कारण मग कंपनीलाही कळवावं लागेल.

आबोली
त्यांनी क्लेम टाकलेला नाही, आत्ताच विचारलं. शनिवारी दोन्ही कागद करतो. पीओपीवाला सोमवारपासून येतोय, चिरेबंदींनी सांगितल्याप्रमाणे आधी त्याला स्लॅब सुकलीय का बघायला सांगितलंय.

चिरेबंदी
प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने स्लॅबला लावून दोन दिवस ठेवा. आतून घाम धरला तर अजून थांबा.